नियतकालिकाचे कविसंमेलन

वाङ्मयीन नियतकालिकाने ज्यांच्या कविता छापल्या त्या कवींना एका व्यासपीठावर बोलवावे आणि वाचकांना त्या कविता कवीच्याच तोंडून ऐकवाव्यात, हा प्रघात मराठीत चांगला जुना आहे. त्याची निमित्ते निरनिराळी असतात: वर्धापनदिन, दिवाळी अंकाचे प्रकाशन, कोजागरी, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. साहित्य संमेलनातले निमंत्रितांचे कविसंमेलन किंवा गणेशोत्सवातले कविसंमेलन यांच्याशी त्याचे बाह्य रूप जुळते, गाभा मात्र वेगळा असतो. इथे ऐकवली जाणारी कविता संपादकाने आधीच निवडलेली असते, तिची मुद्रिते तपासलेली असतात, ती छापून वर्गणीदाराच्या घरी पोचलेली असते. म्हणून असे संमेलन भरवणे हे संपादनाचेच काम आहे. कोणती कविता घ्यायची, कोणत्या क्रमाने, दोन कवितांमध्ये किती मोकळी जागा सोडायची, हे अंक लावताना पडणारे प्रश्न इथेही पडतात. फक्त कागदाच्या जागी वेळ येतो.

छपाई येण्यापूर्वी मराठी कविता कानांनीच पसरली. ज्ञानेश्वरीचे पारायण, वारीतले अभंग, कीर्तनकाराच्या तोंडची मोरोपंतांची आर्या, शाहिरांचे पोवाडे, कलगी-तुऱ्याचे झगडे, जात्यावरच्या ओव्या या सगळ्यांत ऐकणे हेच वाचणे होते. एकोणिसाव्या शतकात मासिके निघाली आणि कविता कवीच्या नावागावासह एकट्या वाचकाच्या हाती जाऊ लागली. १८८७ साली नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावला ‘काव्यरत्नावली’ सुरू केले. केवळ कवितेला वाहिलेले हे मासिक १९३५ पर्यंत चालले. पुण्या-मुंबईपासून दूर, खानदेशातल्या एका गावातून जवळजवळ अर्धशतक कवितेचेच मासिक चालवणे ही गोष्ट आजही थक्क करते.

याच जळगावात १९०७ साली महाराष्ट्रातले पहिले मोठे कविसंमेलन भरले. त्यामागे फडणीसांचा पुढाकार होता. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशाने शल्यवैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे व्यासंगी. भारतीय औषधी वनस्पतींवरच्या मोठ्या ग्रंथामुळे वैद्यकाचे अभ्यासक त्यांचे नाव आजही घेतात. या संमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने कविता म्हटली. त्याचे वय तेव्हा सतराच्या आत-बाहेर. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवले आणि मराठी कवितेत ते नाव कायमचे झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांशी त्याचा स्नेह जुळला. पुढे ठोमरे काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिले आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे त्या घरातले ठोमरे मराठी वाचकाला घरच्यासारखे परिचित झाले. नवा कवी, थोर कवी आणि रसिक श्रोते एका छताखाली आले की काय होऊ शकते याचा हा पहिला मोठा पुरावा. टपालाने आलेल्या हस्तलिखितातून कवितेची पारख होते. कवीला वडीलधारा स्नेही भेटायला मात्र सभाच लागते.

जळगावचीच दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) याच गावात नांदत होत्या, शेतात-घरात काम करता करता ओव्या रचत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरींनी जपलेल्या त्या रचना आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने १९५२ साली, बहिणाबाईंच्या पश्चात, पुस्तकरूपाने आल्या. कवितेच्या मासिकाचे गाव आणि मराठीतल्या एका थोर कवयित्रीचे गाव एकच होते, तरी तिची कविता सगळ्या महाराष्ट्राला कळायला तिच्या मृत्यूनंतरचे वर्ष उजाडावे लागले. छापखान्याला कानाची जोड का हवी, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण नाही.

दरम्यान ‘मासिक मनोरंजन’च्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. दिवाळी अंकांचा पसारा वाढत गेला तसे अंकाचे प्रकाशन आणि त्याला जोडून काव्यवाचन हे समीकरणही रूढ झाले. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यवाचनाला आणखी एक वळण दिले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर व मनोरमा रानडे ही मंडळी रविवारी चहाला जमत, एकमेकांच्या कविता ऐकत, त्यावर बोलत आणि मग त्या छापत. मंडळातल्या कवींनी गावोगावच्या सभांतून कविता गाऊन दाखवल्या. काव्यगायनाने कविता शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत पोचली, हे त्याचे श्रेय. पण चालीवर वाहून जाणारा शब्द तपासला जात नाही आणि गळा गोड असला की कच्ची ओळ खपून जाते, हा आक्षेपही तेव्हाच पुढे आला आणि तो खोटा नव्हता. पुण्यातल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या सभागृहाला आज माधवराव पटवर्धनांचे, म्हणजे माधव जूलियनांचेच नाव आहे, आणि तिथे होणारी बहुतेक कविसंमेलने गाण्याची नव्हे तर वाचनाची असतात.

गायनाकडून वाचनाकडे हा पालट घडवण्यात विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर या तिघांचा वाटा मोठा आहे. ‘मौज’-‘सत्यकथे’च्या पानांवरून नावारूपाला आलेल्या या कवींनी वर्षानुवर्षे एकत्र दौरे करून महाराष्ट्रभर काव्यवाचन केले. चाल न लावता, केवळ आवाजाच्या चढउतारावर, शब्दाच्या वजनावर आणि विरामावर कविता सभागृह भारून टाकू शकते, हे त्यांनी सामान्य श्रोत्याला पटवले. त्यांच्या आधी आणि त्यांच्या काळातही बा. भ. बोरकर आपल्या गोमंतकीय सुरात कविता म्हणत राहिले, आणि पुढे सुरेश भटांनी गझल गाऊन-वाचून वेगळी मैफल उभी केली. म्हणजे दोन्ही रीती जिवंत राहिल्या. संपादकाने एकीचा पक्ष घेऊन दुसरीला दार बंद करण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच असतो की त्या विशिष्ट कवितेला काय मानवते.

लघुनियतकालिकांच्या काळात, म्हणजे १९५५च्या ‘शब्द’पासून साठच्या दशकातल्या ‘असो’, ‘वाचा’पर्यंत, चित्र पालटले. चार पैसे गोळा करून काढलेला, मोजक्या प्रतींचा अंक आणि त्याभोवती जमलेली मित्रमंडळी हाच तिथला वाचकवर्ग होता. सभागृह, शाल, अध्यक्ष यांच्यावाचूनही कविता ऐकता-ऐकवता येते ही जाणीव त्या पिढीने दिली.

लेखकांना एकत्र आणण्याच्या बाबतीत सगळ्यांत मोलाचे काम मात्र ‘अस्मितादर्श’ने केले. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले, त्याचेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते सुमारे पन्नास वर्षे, २०१८ साली निधन होईपर्यंत सांभाळले. त्रैमासिकाने दलित साहित्याला हक्काची पाने दिली आणि त्याच्या बरोबरीने निरनिराळ्या गावी लेखक-वाचक मेळावे भरवले. ज्याची पहिली कविता अंकात आली तो खेड्यातला मास्तर, कारकून किंवा विद्यार्थी मेळाव्याला येई, आपली कविता वाचे आणि आपण एकटे नाही हे पाहून परत जाई. श्रोतेही असे होते की ज्यांच्या कानांवर आंबेडकरी जलशांचे संस्कार होते. ऐकण्याची शिस्त आणि दाद देण्याची धग दोन्ही त्यांच्यापाशी होती. नाव ‘लेखक-वाचक मेळावा’ असे ठेवण्यातच धोरण होते. व्यासपीठ आणि खुर्च्या यांच्यातले अंतर कमी करायचे होते, आणि आज खाली बसलेला वाचक पुढच्या वर्षी वर बसणारा लेखक व्हावा हा हेतू होता. तसे झालेही. मराठीत नियतकालिकाने भरवलेल्या संमेलनाचा याहून चांगला नमुना नाही.

खानदेशात कवितेच्या मासिकाची परंपरा ‘काव्यरत्नावली’बरोबर संपली नाही. ते बंद पडल्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १९८५ साली, शेजारच्या धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी ‘कवितारती’ सुरू केले. तेही केवळ कवितेला वाहिलेले. नव्वदीनंतर ‘शब्दवेध’, ‘अभिधानंतर’, ‘सौष्ठव’ यांच्याभोवती नव्या कवींचे गट जमले. एकूण पाहता कविता छापणारे नियतकालिक आणि कविता ऐकवणारी सभा यांचे नाते मराठीत तुटलेले नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळायचे. पहिले काम निवडीचे. वर्षाला शंभराच्या आसपास कविता छापणाऱ्या मासिकाच्या संपादकाने संमेलनासाठी फार तर दहा कवी घ्यावेत. हा आकडा लहान वाटतो, पण हिशेब तसाच निघतो. प्रत्येक कवीला सात मिनिटे म्हटली तरी सत्तर मिनिटे होतात. प्रत्येकाच्या परिचयाला एक मिनिट धरले की ऐंशी. आरंभाची दहा आणि अध्यक्षांची पंधरा मिळून कार्यक्रम पावणेदोन तासांवर जातो. सलग कविता ऐकण्याची चांगल्या रसिकाचीही शक्ती तिथे संपते. पंचवीस-तीस कवींना बोलावून प्रत्येकाला ‘एकच कविता, तीही छोटी’ असे सांगणाऱ्या संमेलनात कोणाचीच कविता ऐकली जात नाही. शेवटच्या दहा जणांची तर फक्त नावे पुकारली जातात. ज्यांना या वर्षी बोलावता आले नाही त्यांना पुढच्या वर्षी बोलवावे आणि तसे आधी पत्राने कळवावे.

दहा जण निवडताना केवळ गाजलेली नावे घेतली तर नियतकालिकाला आपले असे काही दाखवता येत नाही. अंकाची ओळख नव्या कवीत असते. दहांतले तीन-चार जण तरी पहिल्यांदाच व्यासपीठावर येणारे असावेत. बोलीभाषांचा विचार इथे आवर्जून करावा, कारण अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा झाडीबोलीतली कविता कागदावर अर्धीच पोचते. तिचे स्वर, हेल, लकबी प्रमाण लेखनाच्या अक्षरांत मावत नाहीत. त्या बोलीच्या माणसाने वाचली की कविता उघडते. कवयित्रींची संख्या दहांत एक-दोन ठेवून भागवण्याची खोड अजून गेलेली नाही. अंकात जितक्या कवयित्री छापल्या त्याच्याशी व्यासपीठावरचे प्रमाण ताडून पाहिले की संपादकाला स्वतःची चूक दिसते.

निमंत्रणपत्रात पाच गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या असाव्यात: दिवस आणि वेळ, वाचनासाठी मिळणारी मिनिटे, मानधन, प्रवासखर्च आणि मुक्कामाची सोय. मानधनाचा विषय भिडेपोटी टाळला जातो आणि कार्यक्रम संपल्यावर घाईघाईने पाकीट हातात कोंबले जाते. लातूरहून किंवा चंद्रपूरहून रात्रीच्या एसटीने येणाऱ्या कवीला तिकिटाचे पैसे मिळणार की नाही हे आधी कळले पाहिजे. देण्यासारखे फार नसेल तर तसे लिहावे. कवी समजून घेतात. मौन मात्र अपमान करते. त्याच पत्रात ध्वनिचित्रमुद्रण होणार असेल तर त्याची संमती मागावी. छापण्याची परवानगी म्हणजे ध्वनिचित्रमुद्रणाची आणि प्रसारणाची परवानगी नव्हे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने हे हक्क कवीचे आहेत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ते वारसांकडे राहतात.

कोणत्या कविता वाचायच्या हे कवीवर सोडावे, पण एक अट घालावी: किमान एक कविता आपल्या नियतकालिकात छापलेली असली पाहिजे. ही अट नसेल तर बहुतेक कवी ठरलेली टाळ्यांची कविता काढतात. ती त्यांनी पन्नास ठिकाणी वाचलेली असते, कुठे थांबायचे आणि कुठे हशा येतो हे त्यांना पाठ असते. श्रोता खूश होतो, पण नियतकालिकाने ज्या कवितेसाठी पान दिले तिचे काय झाले हे कोणालाच कळत नाही. संपादकाने मन लावून निवडलेली अवघड, संथ कविता सभेत टिकते का, हे पाहणे हाच तर अशा संमेलनाचा लाभ आहे. वाचताना कवी एखाद्या ओळीवर अडखळला तर ती ओळ मुद्रितातही अडखळलेली असते. छापून झाल्यावर का होईना, ते संपादकाला ऐकू येते.

क्रम लावणे हे सगळ्यांत नाजूक काम. ज्येष्ठतेच्या उतरंडीने किंवा आडनावांच्या अकारविल्हे लावलेला क्रम वाद टाळतो आणि मैफल मारतो. पहिला कवी अनुभवी असावा. त्या वेळी सभागृह अजून स्थिरावलेले नसते, लोक आत येत असतात, आणि नवख्याला तिथे उभे करणे अन्यायाचे आहे. नवा कवी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमाला घ्यावा. तेव्हा श्रोत्यांचे कान ताजे असतात. एकाच विषयाच्या दोन कविता, दोन गझला, दोन दीर्घकविता पाठोपाठ ठेवू नयेत. आईवरच्या किंवा शेतकऱ्याच्या आत्महत्येवरच्या कवितेनंतर लगेच विनोदी कविता आली तर दोन्ही वाया जातात. मध्ये शांत लयीची एखादी रचना हवी. अध्यक्ष शेवटी वाचतात हा संकेत योग्य आहे, कारण त्यामुळे अध्यक्षांना अखेरपर्यंत बसून सगळ्यांना ऐकावे लागते. आपली कविता झाली की गाडी पकडण्यासाठी उठून जाणारा ज्येष्ठ कवी नव्यांना काय शिकवतो हे वेगळे सांगायला नको. ज्याला थांबणे शक्य नाही त्याला बोलावूच नये, मग नाव कितीही मोठे असो.

जागा लहान आणि भरलेली असावी. साठ माणसांची वाचनालयाची खोली पाचशे खुर्च्यांच्या अर्ध्या रिकाम्या नाट्यगृहापेक्षा कवितेला कितीतरी चांगली. महाराष्ट्रात याची सोय जुनी आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५०चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चे. तालुक्याच्या गावीही बहुधा एखादे वाचनालय आणि त्याचे छोटे सभागृह असतेच. पुस्तकांच्या कपाटांमध्ये आवाज घुमत नाही, हाही फायदा. कोजागरीला गच्चीवर पांढऱ्या गाद्या, लोड-तक्के आणि मसाला दूध अशी बैठक घालण्याची रीत सुंदर आहे. मात्र उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर लावता येत नाही, हा नियम लक्षात घेऊन ती सातला सुरू करावी. दहानंतरही बसायचे असेल तर ध्वनिक्षेपकाशिवाय, जवळ जवळ बसून ऐकावे. कवितेचे त्यात काही बिघडत नाही.

ध्वनिक्षेपकाकडे दुर्लक्ष झाले की बाकीची सगळी मेहनत पाण्यात जाते. मराठी उच्चारात फ, भ, ध, थ, ख ही महाप्राण व्यंजने पावलोपावली येतात. तोंड माइकच्या अगदी समोर आणि जवळ असेल तर प्रत्येक ‘भ’ला आणि ‘फ’ला हवेचा झोत पडद्यावर आदळतो आणि सभागृहात धप्प असा आवाज घुमतो. ‘भाकरी’, ‘फूल’, ‘भय’ हे शब्दच फुटतात. यावर उपाय सोपा आहे. माइक तोंडापासून सुमारे वीतभर दूर, हनुवटीच्या उंचीवर आणि किंचित कडेला तिरका ठेवायचा, म्हणजे श्वास त्याच्या बाजूने निघून जातो आणि स्वर आत जातो. बुटक्या आणि उंच कवींसाठी दांडा दर वेळी खालीवर करायला एक माणूस शेजारी उभा असावा. कवीला ते काम करायला लावले की त्याची पहिली ओळ गोंधळात जाते. कार्यक्रमाच्या तासभर आधी, सभागृह रिकामे असताना प्रत्येक नव्या कवीला माइकसमोर उभे करून चार ओळी वाचायला लावाव्यात. स्वतःचाच आवाज मोठा होऊन परत येतो तेव्हा नवखा माणूस दचकतो आणि भराभर वाचू लागतो. ते दचकणे श्रोते येण्याआधी होऊन गेलेले बरे.

कागदाचेही तंत्र आहे. कविता मोठ्या टायपात, कागदाच्या एकाच बाजूला, टाचणी न लावता छापून द्यावी. पान उलटण्याचा आवाज माइक पकडतो, म्हणून वाचून झालेले पान उलटायचे नाही, हलकेच बाजूला सरकवायचे. कडवे दोन पानांत तुटणार नाही हे संयोजकाने पाहावे. भ्रमणध्वनीवरून वाचण्याची पद्धत आता सार्वत्रिक झाली आहे, पण पडदा मध्येच काळवंडतो, फोन वाजतो आणि वाचणाऱ्याची नजर खाली खिळून राहते. वाचनपीठावर एक लहान दिवा असावा. सभागृहाचे दिवे मंद केल्यावर कवीच्या डोळ्यांना अक्षर दिसले पाहिजे याचा विचार बरेचदा राहून जातो.

वृत्तबद्ध कविता, अभंग, अष्टाक्षरी यांची लय वाचणाऱ्याला सांभाळून घेते. मुक्तछंदाला तो आधार नाही. तिथे कवीने पानावर ओळ जिथे तोडली आहे तिथे आवाजातही सूक्ष्म थांबा घ्यावा लागतो, नाहीतर कविता गद्य परिच्छेदासारखी ऐकू येते. आणि प्रत्येक ओळीअखेर सारखाच थांबा घेतला तर ती पाढे म्हटल्यासारखी होते. दोन कवितांमध्ये चार-पाच सेकंद शांत राहण्याचे धैर्य फार थोड्या कवींत असते. बहुतेक जण ती जागा ‘ही कविता मला कशी सुचली’ या निवेदनाने भरतात. कवितेतला एखादा अनोळखी शब्द, गावाचे नाव, रूढी सांगणे योग्य. कवितेचा अर्थ आधीच सांगून टाकणे मात्र श्रोत्याचा हक्क काढून घेणे आहे.

सूत्रसंचालन करणाऱ्याचे काम संपादकीय टिपणासारखे असावे. कवीचे नाव, गाव, कोणत्या अंकात कोणती कविता आली, आणि तिच्याबद्दल एक नेमके निरीक्षण, एवढे तीन-चार वाक्यांत पुरे. ‘ज्येष्ठ’, ‘सुप्रसिद्ध’, ‘सिद्धहस्त’ ही विशेषणे सगळ्यांनाच लावली की कोणालाच लागत नाहीत. सूत्रसंचालकाने दर दोन कवींमध्ये स्वतःच्या किंवा थोरांच्या ओळी म्हणून दाखवणे हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा रोग आहे. त्यात वेळ जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे नुकतीच ऐकलेली कविता पुसली जाते. वेळ संपल्याची चिठ्ठी पुढे सरकवण्यापेक्षा आधीच प्रत्येकाकडून कविता वाचून घेऊन घड्याळ लावावे. ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ घेणाऱ्याला सौम्यपणे पण ठामपणे थांबवणे हे पुढच्या कवीच्या बाजूने उभे राहणे आहे.

आरंभीचे विधी दहा मिनिटांत उरकावेत. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, प्रायोजकांचे मनोगत असे करता करता पहिली कविता पाऊण तासाने सुरू होते आणि तोवर निम्मा उत्साह ओसरलेला असतो. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी आपल्या नियतकालिकाचे वर्षभराचे अंक बांधून द्यावेत. प्रायोजकांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर आणि फलकावर ठळक छापावे. बहुतेकांचे तेवढ्याने समाधान होते.

सभागृहाच्या दाराशी अंकांचे टेबल, वर्गणीची पावतीपुस्तके आणि आता क्यूआर कोड ही व्यवस्था अनिवार्य आहे. वाङ्मयीन नियतकालिके वर्गणीदारांवर जगतात आणि चांगली कविता ऐकून बाहेर पडणारा माणूस वर्गणी भरण्याच्या मनःस्थितीत असतो. अंक मात्र आधी वाटू नयेत. हातात छापील कविता असली की श्रोता ऐकणे सोडून वाचू लागतो आणि सभागृहभर पानांची सळसळ सुरू होते. आधी ऐकून नंतर घरी वाचणारा माणूस तीच कविता दोनदा भेटल्याचा आनंद घेतो.

श्रोत्यांमध्ये आणखी एक वर्ग असतो, त्याची आठवण ठेवावी. ज्यांच्या कविता ‘साभार परत’ गेल्या तेही संमेलनाला येतात आणि बहुधा मागच्या रांगेत बसतात. कार्यक्रम संपल्यावर संपादकाने पाहुण्यांच्या घोळक्यात अडकून न पडता अर्धा तास या मंडळींसाठी ठेवला तर पुढच्या पाच वर्षांतले कवी त्याला तिथेच सापडतील. ज्याला छापील नकार मिळाला त्याच्याशी दोन मिनिटे त्याच्या कवितेबद्दल बोलणे, हे संमेलनाने संपादकाला दिलेले एक फार मोठे साधन आहे.

कार्यक्रमानंतरची कामे कंटाळवाणी आणि म्हणूनच राहून जाणारी आहेत. मानधन त्याच दिवशी द्यावे. जे कवी आजारपणामुळे येऊ शकले नाहीत आणि ज्यांच्या कविता दुसऱ्याने वाचल्या, त्यांना ध्वनिमुद्रण पाठवावे. पुढच्या अंकात वृत्तांत छापताना पाहुण्यांच्या भाषणांचे सार देऊन न थांबता कोणी कोणत्या कविता वाचल्या याची नावानिशी यादी द्यावी, कारण काही वर्षांनी अभ्यासकाला तीच लागते. मराठीतल्या कितीतरी मोठ्या कवींचा आवाज कोणीच नोंदवून ठेवला नाही. त्या काळी साधने महाग होती. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहेत. संपादकांना विनंती एवढीच की प्रत्येक संमेलनाचे स्वच्छ ध्वनिमुद्रण करावे, त्यावर तारीख, गाव, कवी आणि कवितेचे नाव लिहावे आणि कवींच्या संमतीने त्याची एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नोंदवून ठेवावी.